फळीच्या आतली माणसं

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मशीनताईंचं दुकान आहे. शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला लाकडी काउंटर, आणि काउंटरच्या डाव्या टोकाला बिजागऱ्यांवर उचलता येणारी एक फळी. आत जायची वाट तेवढीच. गिऱ्हाईक फळीच्या बाहेर, ताई फळीच्या आत. आता ताईंशिवाय आत आणखी कोण, हा गल्लीतला जुना चर्चेचा विषय. "एकवेळ बँकेच्या तिजोरीत शिरता येईल, पण मशीनताईंच्या फळीच्या आत नाही," असं कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणतो. तो सोळा वर्षं बाहेरच उभा आहे. मी वरच्याच मजल्यावर राहते, तरी मला आत यायला सहा वर्षं लागली. तोवर माझी मशीन चार वेळा आत जाऊन आली होती.

कुणाला वाटेल बाई तुसडी असेल. तसं मुळीच नाही. बाहेर उभ्या माणसाशी ताई हसून बोलतात, पाणी देतात, पावसात अडकलेल्याला छत्रीही देतात. फक्त फळी उचलत नाहीत.

ही फळी पूर्वी बाकडं होती. दुकान ताईंच्या वडिलांचं. त्यांना माणसांची भारी हौस. काम करता करता गप्पा हव्यात, म्हणून त्यांनी दुकानात बाकडं टाकलं होतं, आणि त्यावर सकाळपासून कोणी ना कोणी बसलेलं असायचं. ताईंनी एकदा मोजले होते, अकरा जण. सगळे रोजचे. सगळ्यांचा चहा ताई करायच्या आणि त्यातून वेळ मिळेल तसं वडिलांकडून काम शिकायच्या. पुढे वडील आजारी पडले. तीन महिने अंथरुणाला खिळून होते. त्या तीन महिन्यांत अकरांपैकी दोघं घरी आले. एक जण, जो रोज बाकड्याच्या टोकाला बसून चकार शब्द काढत नसे. आणि दुसरा भंगारवाला, ज्याच्याशी वडिलांचं कायम वाजायचं. बाकीचे नऊ जण वडील गेल्यावर एकदमच आले आणि म्हणाले, "अरेरे, आम्हाला काही कळलंच नाही."

ताई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नसतो. "त्यांना कशाला बोल लावायचा? बाकडं आमच्या वडिलांनीच टाकलं होतं. बसायला जागा दिसली की माणूस बसतो. त्यात प्रेम असलंच पाहिजे असं थोडंच आहे!"

महिना झाल्यावर त्यांनी सुतार बोलावला, बाकड्याचे पाय काढले आणि त्याची फळी करून काउंटरला बसवली. विचारणाऱ्याला सांगायच्या, "आत बारीक स्क्रू असतात, स्प्रिंगा असतात, पायाखाली गेल्या की सापडत नाहीत." तेही खोटं नव्हतं.

माणूस पारखायला ताईंना घाई नसते. एकदा त्यांना मी विचारलं होतं, तुम्ही बघता तरी काय नेमकं? त्या बॉबिन केसमधला दोऱ्याचा गुंता चिमट्याने काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हातात घेतलेली वस्तू कुठे ठेवतो ते बघते. मी कामात असले की गप्प बसता येतं का, ते बघते. आणि येताना दुसऱ्याच्या घरातलं काय घेऊन येतो, हे तर बघतेच बघते. जो दुसरीकडचं इथे आणतो, तो इथलं दुसरीकडे नेणारच. तो रस्ता काही एकेरी नसतो."

एवढ्या गाळणीतून कितीशी माणसं जाणार? मी आत येऊ लागले तेव्हा तिथे एकच स्टूल कायम भरलेलं असायचं, गोडमावशींचं. गोडमावशी म्हणजे ताईंची शाळेतली मैत्रीण. बोलणं इतकं गोड की सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखते. पहिलीपासून दोघी एका बाकावर बसलेल्या. ताईंच्या बाळंतपणात त्या होत्या, ताईंचे यजमान गेले तेव्हा त्या होत्या, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली तेव्हा रडायलाही त्याच होत्या. गोडमावशींना परीक्षाच द्यावी लागली नव्हती. त्या फळीच्या आधीपासूनच्या. त्या येताना चार घरांतलं सगळं घेऊन यायच्या, हे ताईंना दिसत नव्हतं असं नाही. पण आपल्या माणसाला कोण चाळणी लावतं?

आणि बाहेर कायमच्या उभ्या कात्रीबाई.

कात्रीबाई तीन घरं सोडून राहतात. शाळांचे गणवेश आणि पडदे शिवतात. हे नाव त्यांना कात्रीमुळे पडलं की जिभेमुळे, यावर मतभेद आहेत. चौदा वर्षं त्या ताईंच्या गिऱ्हाईक, आणि चौदा वर्षं ताईंच्या डोक्याला ताप. दुरुस्त होऊन गेलेली मशीन दुसऱ्या दिवशी परत आणायची, काउंटरवर धपकन ठेवायची आणि म्हणायचं, "झालेली नाही." ना कसं काय, ना बरं आहे ना.

"काल चालवून दिली की मी!" ताई म्हणायच्या.

"काल चालली असेल. आज टकटक करतेय. कान देऊन ऐका जरा."

गेल्या दीड वर्षात तर हा प्रकार फारच वाढला होता. कात्रीबाई गेल्या की गोडमावशी स्टुलावरून म्हणायच्या, "काय मेली जीभ आहे! तू म्हणून सहन करतेस. दुसरी असती तर मशीन रस्त्यावर फेकली असती." ताई हसायच्या आणि मशीन पुन्हा उघडायच्या.

आता ताईंच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मशीन आली की ताई आधी ती उघडत नाहीत. रिकामी चालवतात. लांब दांड्याचा एक जुना पेचकस घेतात, त्याचं टोक मशीनच्या अंगाला टेकवतात, मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. डॉक्टर छाती तपासतात तसं. तेल कुठे आटलंय, कुठला स्क्रू ढिला आहे, सुई आणि खालून दोरा पकडणारं शटल यांची भेट वेळेवर होते की नाही, हे त्यांना उघडण्याआधी कळायचं. वडिलांनी दिलेली ही विद्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला गणवेश शिवण्याचा एक कारखाना आहे, चाळीस मशीनचा. दर बुधवारी ताई तिथे जायच्या, रांगेतून एकेका मशीनला पेचकस लावत. सगळं दुकान त्या कामावर उभं होतं. घरगुती मशीन आता किती बायका दुरुस्त करून घेतात? बिघडली की नवी आणतात.

अशातच एका बुधवारी ताईंनी कारखान्यातली एक मशीन ठीक आहे म्हणून दिली. गुरुवारी सकाळी तिची सुई मोडली आणि तुकडा उडून चालवणाऱ्या मुलीच्या गालाला चाटून गेला. डोळ्याच्या दोन बोटं खाली. सुई शटलच्या टोकाला घासत होती. सुपरवायझरने ताईंना बोलावून घेतलं. भला माणूस, आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाला, "ताई, टिकटिक एवढी स्पष्ट येत होती. शेजारच्या दोघींनी ऐकली. तुम्हाला कशी नाही आली?"

 ताई दुकानात परत आल्या, दार लावलं आणि दुकानातल्या दोन मशीन समोरासमोर ठेवल्या. एक चांगली. दुसरीची सुई मुद्दाम घासेल अशी बसवलेली. दोन्हींना पेचकस लावून ऐकलं. दोन्ही सारख्याच.

बोलणं त्यांना ऐकू येत होतं. हॉर्न, भांडं पडल्याचा आवाज, फोनची घंटा, सगळं येत होतं. म्हणून तर त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. फक्त ज्यावर पोट होतं तो बारीक आवाज तेवढा गेला होता.

माणसाला अशा वेळी कुणाला तरी सांगावंसं वाटतंच. मुलीला फोन केला असता तर तिचं ठरलेलं वाक्य आलं असतं, "बंद कर ना आई आता, ये इकडे." ते त्यांना ऐकायचं नव्हतं. त्यांनी गोडमावशींना सांगितलं. मावशींनी त्यांचा हात हातात घेतला, डोळ्यांना रुमाल लावला, आणि म्हणाल्या, "अगं, मी आहे ना! कुणाच्या बापाला कळू देणार नाही."

चौथ्या दिवशी औषधवाला ताईंशी ओरडून बोलायला लागला.

आधी त्यांना वाटलं याला काय झालं. मग दूधवाला ओरडला. मग एक बाई दुरुस्तीला टाकलेली मशीन न्यायला आल्या आणि तोंडाशी हात धरून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "असू दे ताई! तुम्हाला त्रास नको! आम्ही बघतो दुसरीकडे!" आठवडाभरात तीन मशीन परत गेल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, दयेचा. आणि ती दया इतकी एकसारखी होती की ती एकाच ठिकाणाहून वाटली गेली आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

ताईंनी मावशींना विचारलं. मी तेव्हा तिथेच होते, जावं की थांबावं कळेना.

"मी कुठे वाईट सांगितलं गं?" मावशी खरोखरच दुखावल्या होत्या. "लोकांनी तुला सांभाळून घ्यावं म्हणून सांगितलं. माझा जीव तुटतो तुझ्यासाठी!"

"किती जणांना सांगितलंस?"

"मोजून सांगतं का कुणी? विषय निघाला तिथे सांगितलं."

"आणि विषय कोण काढत होतं?"

मावशी रडायला लागल्या. ताईंनी त्यांना पाणी दिलं. शेवटी समजूत ताईंनीच घातली.

मावशी गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "तिचं खोटं नाही. तिचा जीव तुटतोच. पण तिच्या पोटात काही राहत नाही हे मला पन्नास वर्षं माहीत आहे. चूक माझी आहे. गळक्या बादलीत पाणी भरलं तर बादलीवर कशाला चिडायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कात्रीबाई आल्या. हातात मशीन नव्हती. काउंटरला कोपर टेकून उभ्या राहिल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "ऐकलं मी."

"सगळ्यांनीच ऐकलंय. ओरडा की तुम्हीही," ताई म्हणाल्या.

"का ओरडू? तुम्हाला बोललेलं ऐकू येतं. मला दीड वर्ष झालं माहीत आहे."

ताईंच्या हातातला पान्हा खाली आला. "काय माहीत आहे?"

"तुम्हाला बारीक आवाज येत नाही ते. आधीही मशीन परत आणायचे, पण टकटक कधी राहिली नव्हती. तक्रार केली ती तेलाची नाहीतर पट्ट्याची. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा टकटक तशीच राहून घरी आली. मग परत. मग परत. इतकी वर्षं ज्या बाईच्या कानातून माशी सुटत नाही, तिला एवढी टकटक येत नाही म्हणजे काय? मी काय इतकी बिनडोक आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की! पाच वेळा मशीन परत आणली. 'कान देऊन ऐका' म्हटलं. तुम्हाला वाटलं भांडतेय." कात्रीबाईंनी खांदे उडवले. "आता माझं तोंडच तसं, त्याला मी तरी काय करणार?"

"दुसऱ्या कुणाला सांगितलंत?"

"दुसऱ्याच्या कानाशी मला काय करायचंय? मशीन माझी, कान तुमचा."

ताई मला नंतर म्हणाल्या, की त्या क्षणी त्यांना आधी राग आला आणि मग लाज वाटली. पण लाजेपेक्षा गरज मोठी होती. कारखान्याचं काम गेलं तर दुकान सहा महिन्यांत बंद, हा हिशोब सरळ होता. आणि दुकान बंद म्हणजे मुलीकडे जाऊन तिच्या घरातल्या एका खोलीत बसायचं, जेवणाच्या वेळा सांभाळत. म्हणून त्यांनी तिथल्या तिथे विचारून टाकलं. बुधवारी माझ्याबरोबर चला. माझ्या मागे उभ्या राहा. मशीन टिकटिकली तर माझ्या कोपराला हात लावा. बाकी मी बघते.

"नाही," कात्रीबाई म्हणाल्या.

"तुमची मजुरी बुडेल ती मी..."

"मजुरीला आग लावा. चाळीस बायका त्या मशीनवर बसतात. त्या मुलीचा डोळा दोन बोटांनी वाचलाय. उद्या मला खोकला आला, मी इकडे तिकडे बघितलं आणि एक मशीन निसटली, तर कोपराला लावलेल्या हाताचं काय लोणचं घालायचं? असल्या लपाछपीला मी येणार नाही. कान तपासलेत का?"

"अजून नाही."

"मग आधी ते करा. मी येते बरोबर. उद्या सकाळी, दहाच्या आधी. दहानंतर मला पडदे द्यायचेत."

असं म्हणून त्या निघूनही गेल्या. मी ताईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं हसू होतं. "बाई माणूस आहे की वकील?" त्या म्हणाल्या. पण सकाळी साडेनऊला तयार होऊन बसल्या होत्या.

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की जाड आवाज शाबूत आहेत, वरच्या पट्टीतले बारीक आवाज दोन्ही कानांतून उतरले आहेत. आता परत येणार नाहीत. श्रवणयंत्र लावलं तर बरंचसं कळेल, पण पूर्वीसारखं नाही. ताईंनी सुपरवायझरला फोन करून प्रकृतीचं कारण सांगितलं आणि दीड महिना मागितला. तो म्हणाला, "दीड महिना थांबतो ताई. त्यापुढे दुसरा माणूस नेमावा लागेल, मलाही वर जाब द्यायचा असतो."

श्रवणयंत्र लावून ताई पहिल्यांदा दुकानात बसल्या, तेव्हा दहा मिनिटांत त्यांनी ते काढून ठेवलं. सगळंच खणखणत होतं. कागद उलटला तरी पत्रा फाटल्यासारखा आवाज. आणि पेचकसाची मूठ कानाजवळ नेली की ते यंत्र शिटी मारायचं. वडिलांची पद्धत तिथेच संपली.

"ही मशीन मला मशीनसारखी ऐकूच येत नाही," त्या म्हणाल्या. "डब्यात कुणीतरी चमचे हलवतंय असं वाटतं."

"मग चमच्यांची भाषा शिका," कात्रीबाई म्हणाल्या. "किती दिवस उरलेत?"

"अडतीस."

"दुपारी दोन ते चार मला जमेल. पाच मशीन लागतील. माझ्या दोन आहेत."

माझी एक आणि ताईंच्या दोन, अशा पाच झाल्या. दुसऱ्या दिवशी दोन वाजता कात्रीबाई आल्या आणि सवयीने बाहेरच उभ्या राहिल्या. ताईंनी फळी उचलली. कात्रीबाईंनी आत बघितलं, म्हणाल्या, "स्टुलावर तेल आहे. पुसून द्या, मला गिऱ्हाइकाचं कापड धरायचं असतं." चौदा वर्षांनी आत येण्याचा समारंभ एवढाच झाला.

काम असं चालायचं. ताई मागच्या खोलीत जायच्या. कात्रीबाई पाचांपैकी एखाद्या मशीनमध्ये खोडी करून ठेवायच्या, कधी सुई घासेल अशी, कधी एक स्क्रू अर्धा फेरा ढिला, कधी तेल पुसून कोरडी. कधी काहीच नाही, पाचही ठणठणीत. मग ताईंनी येऊन ओळखायचं.

पहिले आठ दिवस बघवत नव्हतं. "चूक," कात्रीबाई म्हणायच्या. मग, "चूक." मग, "ही पण चूक." एक दिवस माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, जवळ जवळ बरोबर म्हणाल्या की त्या."

"सुई जवळ जवळ मोडत नाही," कात्रीबाई मला म्हणाल्या. "तुम्ही चहा करा."

मी चहा केला.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी एक नवीन गोष्ट केली. मशीन चालू असताना तिच्या मानेवर उजव्या हाताची तीन बोटं नुसती टेकवून ठेवली. डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हिची सुई घासतेय."

"ऐकू आलं?"

"अर्धं ऐकू आलं. अर्धं बोटांना लागलं. खडा टोचल्यासारखं, प्रत्येक टाक्याला."

कात्रीबाई काही बोलल्या नाहीत. 'चूक' म्हणाल्या नाहीत म्हणजे बरोबर, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं.

गोडमावशी त्या काळात दोनदा येऊन गेल्या. आपल्या स्टुलावर कात्रीबाई बसलेल्या बघून त्यांचा चेहरा उतरला. ताईंनी दुसरं स्टूल दिलं, पण मावशींना बोलल्याशिवाय राहवेना आणि बोललं की ताईंना मशीन ऐकू येईना. कात्रीबाईंनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं. मावशी उठून गेल्या.

शेवटच्या मंगळवारी मात्र त्या ठरवून आल्या. दुसऱ्या दिवशी ताईंना कात्रीबाईंबरोबर कारखान्यात जायचं होतं. मावशी म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. त्या सुपरवायझरच्या बायकोची नि माझी ओळख आहे. आधी घरी जाऊन शब्द टाकते. ते यंत्र केसांखाली लपव, काही सांगू नकोस. मी गप्पांत गुंतवून ठेवते त्याला."

कात्रीबाई कापडाला टीप घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं, मग मशीनला हात लावायचा. नाहीतर मी नाही येत."

ताई दोघींच्या मध्ये उभ्या होत्या. एक पन्नास वर्षांची मैत्रीण, डोळ्यांत पाणी. दुसरी दीड महिन्याची, पाठमोरी. मला वाटलं त्या काहीतरी गोलमाल बोलून वेळ मारून नेतील. आपण सगळ्या तेच करतो.

ताई मावशींच्या शेजारी बसल्या. "हे बघ," त्या म्हणाल्या, "मी रविवारी तुझ्याकडे येईन. दर रविवारी येईन. तुझ्या हातचा चहा पिईन, जुनं जुनं बोलू, तुझ्या सुनेचं गाऱ्हाणंही ऐकेन. ते मला हवंच आहे. पण उद्या नको. आणि माझ्या दुखण्याखुपण्याचं, कामाचं इथून पुढे तुला काही सांगणार नाही. विचारलंस तरी नाही."

"म्हणजे मी परकी झाले?"

"नाही गं. परक्याला एवढं तोंडावर सांगतं का कुणी?"

मावशी थोड्या वेळाने गेल्या. रागावून की कसं, ते कळलं नाही.

बुधवारी सकाळी ताई आणि कात्रीबाई बसने कारखान्यावर गेल्या. पुढचं ताईंनी मला सांगितलं तसं सांगते. कात्रीबाई फाटकापाशीच थांबल्या. "आत तुमचं काम, माझं नाही," म्हणाल्या. ताई एकट्या सुपरवायझरच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि बसायच्या आधी सांगून टाकलं. कानाचं असं असं झालं आहे. त्या दिवशीची सुई माझ्यामुळे मोडली. आता हे यंत्र लावते आणि हातानेही तपासते. चालत असेल तर बघा.

सुपरवायझर म्हणाला, "ऐकलं होतं मी."

"कुणाकडून?"

"कुणाकडून नाही ते विचारा ताई! पण तुम्ही स्वतः येऊन सांगाल असं वाटलं नव्हतं." त्याने पेन खाली ठेवलं. "सहा मशीन बाजूला काढायला सांगतो. काही बिघडलेल्या, काही चांगल्या. मला कारणं ऐकवू नका, नुसतं कुठली बिघडलीय ते सांगा."

ताईंनी सहा मशीन बघितल्या. पहिल्या तिन्ही बरोबर सांगितल्या. चौथी मशीन तिथल्या सगळ्यांनी बाद ठरवली होती. ताई म्हणाल्या, मशीन उत्तम आहे, मोटरचा पट्टा आतून फाटलाय, त्याचं टोक झाकणावर आपटतंय. झाकण काढलं तर तसंच निघालं. चालवणाऱ्या बायकांत हशा पिकला. पाचवी चांगली होती, चांगलीच म्हणाल्या. सहाव्या मशीनवर त्या फार वेळ थांबल्या. बोटं ठेवली, उचलली, परत ठेवली. मग म्हणाल्या, "ही मला कळत नाही. काहीतरी आहे असं वाटतं, पण सांगता येत नाही. उघडून बघावी लागेल."

"अंदाजाने सांगा की."

"अंदाजाने नाही सांगणार."

सुपरवायझरने थोडा विचार केला. मग त्याने काम ताईंकडेच ठेवलं, पण एका अटीवर. ताईंनी तपासलेली प्रत्येक मशीन, ती चालवणाऱ्या बाईने अर्धा तास चालवून बघायची, आणि ती ठीक म्हणाली तरच ताईंनी तिथून निघायचं. ताई म्हणाल्या, "ही अट मीच घालणार होते." खरं तर त्यांना ती तोवर सुचली नव्हती, पण पटली होती.

त्या बाहेर आल्या तेव्हा दुपार झाली होती. कात्रीबाई फाटकाशेजारच्या भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. पिशवीतून एक परकर काढून त्याला हातशिलाई घालत होत्या, वेळ वाया जाऊ नये म्हणून. काम राहिलं का, काय म्हणाला, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"किती चुकल्या?" त्यांनी विचारलं.

"चुकली एकही नाही. एक कळली नाही."

"कुठली? आवाज कसा होता?"

"आवाज नव्हताच. बोटांना काहीतरी आळस लागत होता. दर चार-पाच टाक्यांनी एकदा."

"खालच्या दात्यांत कापडाची लव अडकली असेल."

"ते बघितलं. नव्हती."

"नीट बघितलं?"

"अहो, बघितलं म्हणते ना!"

"मग वरच्या दोऱ्याच्या ताणाची स्प्रिंग. नाहीतर तुमचं चुकलं."

असं भांडत दोघी बस थांब्याकडे निघाल्या. एक बस त्यांच्या समोरून गेली, ती त्यांना दिसलीच नाही.